भाव ठरलेलं वावर

कास्तकाराच्या घरात वाढलेल्या बाईला शेतीच्याच खेळात विसावा मिळावा, हे मला बरेच दिवस खटकत आलं आहे. दमलेलं माणूस आपल्या घरच्या कामापासून लांब जाऊन विसावतं. मी मात्र रात्री, पेपर तपासून झाले की, लॅपटॉपच्या पडद्यावरच्या एका वावरात शिरते, तिथले दगड वेचते, तण काढते, बी टाकते, झारीने पाणी घालते आणि माझं मन निवतं. आमचं खरं वावर राळेगाव तालुक्यात आहे, काळ्या मातीचं, कोरडवाहू. धाकटा भाऊ ते कसतो. तिथून फोन आला की मन निवत नाही. पाऊस, फवारणी, भाव यांतलं काहीतरी निघतंच. मग ही माझी शांतता कसली आहे? ती घ्यायचा मला हक्क आहे का? यवतमाळात भाड्याच्या घरात बसून, महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या बाईने हे स्वतःला एकदा नीट विचारायला हवं.

खेळ जुना आहे. 'हार्वेस्ट मून : बॅक टू नेचर' हे त्याचं नाव. प्लेस्टेशनवर १९९९ साली तो जपानमध्ये आला, पुढच्या वर्षी इंग्रजीत. या मालिकेचा पहिला खेळ १९९६ चा. तो ज्यांनी कल्पिला ते यासुहिरो वादा जपानच्या दक्षिणेकडच्या मियाझाकीतल्या खेड्याकडचे. नोकरीसाठी टोकियोत आले आणि मागे राहिलेल्या गावाची किंमत त्यांना तिथे कळली. मारामारी नसलेला खेळ करायचा, ही त्यांची इच्छा होती. मला तो अमरावतीच्या होस्टेलवर मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा भेटला. आज त्याची चित्रं ओबडधोबड वाटतात, माणसांना धड बोटंही नाहीत, तरी त्याचं माझ्यावरचं वजन कमी झालेलं नाही.

गोष्ट एवढीच : आजोबा वारले आहेत, त्यांचं वावर ओसाड पडलं आहे. शहरातला नातू येतो. गावाचा प्रमुख त्याला सांगतो, तीन वर्षांत हे वावर उभं कर, गावकऱ्यांशी जमवून घे, म्हणजे इथे राहता येईल. वर्षाचे चार ऋतू, प्रत्येक ऋतू तीस दिवसांचा. सकाळी सहाला उठायचं आणि कामाला लागायचं.

या खेळाला लोक आरामाचा खेळ म्हणतात, पण त्यात काम काही कमी नाही. जमीन खणायची, प्रत्येक चौकोनाला वेगळं पाणी द्यायचं, कोंबड्यांना दाणा टाकायचा, गायीला खरारा करायचा, तिच्याशी दोन शब्द बोलायचे, डोंगरावरून लाकडं आणायची. नायक दमतो, कपाळाचा घाम पुसतो, फारच राबला तर कोसळतो. तेव्हा विसावा काम नसल्यामुळे मिळत नाही, हे मला लवकर कळलं. तो कशामुळे मिळतो, हे कळायला मात्र वेळ लागला.

खेळातल्या पैशांत सलगमच्या बियांची एक पिशवी १२० ची. ती नऊ चौकोनांत पडते. रोज पाणी दिलं की थोड्याच दिवसांत नऊ सलगम निघतात आणि प्रत्येकी ६० ने विकले जातात. बटाट्याची पिशवी १५० ची, एक बटाटा ८० चा. हा भाव पहिल्या वर्षी जो असतो तोच तिसऱ्या वर्षी असतो. माल कुठे घेऊन जावा लागत नाही. वावरातल्या पेटीत टाकला की संध्याकाळी पाचला झॅक नावाचा दणकट माणूस येतो, मोजतो, पैसे देतो आणि जातो. कट्टी नाही, ओलावा मोजणं नाही, चुकारा पुढच्या महिन्यात नाही. उद्याचं हवामान टीव्हीवर आदल्या दिवशी सांगतात आणि ते तसंच होतं. एखाद्या दिवशी पाणी द्यायचं राहिलं तर रोप मरत नाही, त्या दिवशी वाढत नाही, इतकंच. आणि घराच्या आत गेलं की घड्याळ थांबतं! दाराबाहेर दिवस धावत असतो, आत माणूस निवांत असतो. ज्याने हे ठरवलं त्याला कष्टकऱ्याच्या घराचं काहीतरी माहीत असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

एकदा भाऊ कामानिमित्त यवतमाळला आला होता, रात्री मुक्कामी राहिला. मी खेळत असताना मागे उभा राहून बघत होता. झॅक येऊन पैसे देऊन गेला तेव्हा म्हणाला, "ताई, हे बरं हाय. याले पेरतानाच भाव मालूम हाय." मला या खेळाबद्दल जे सुचत नव्हतं ते तो एका वाक्यात बोलून गेला.

पेरताना भाव माहीत असणं. आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट कधी झालेली नाही. कापसाला पांढरं सोनं म्हणतात, पण त्याचा भाव यवतमाळात ठरत नाही आणि आधीही ठरत नव्हता. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं म्हणून वऱ्हाडचा कापूस महागला. युद्ध संपलं आणि तो कोसळला. ज्यांनी पेरला त्यांचा त्या युद्धाशी काय संबंध होता? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंत अरुंद रूळ टाकले गेले, तेही इथला कापूस मुंबईकडे आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जावा म्हणून. आमची लाडकी शकुंतला रेल्वे ती हीच. आता गाडी बंद आहे आणि भाऊ मोबाइलवर न्यूयॉर्कच्या वायद्याचा आकडा बघतो. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेने लोकांनी घरात कापूस भरून ठेवला. खोल्या भरल्या, पोरं कापसाच्या ढिगावर झोपली, सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, आणि भाव उतरतच गेला. सरकार हमीभाव जाहीर करतं हे खरं. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्यासाठी ७,७१० आणि लांब धाग्यासाठी ८,११० रुपये क्विंटल. पण तो आठ टक्के ओलाव्याला आहे. बारापर्यंत कापून घेतात आणि बाराच्या वर गेला की गाडी परत. दिवाळीच्या आसपासच्या पहिल्या वेच्यात, दवाच्या दिवसांत, बाराच्या आत राहणारा कापूस किती असतो, हे ज्याने सकाळी पऱ्हाटीला हात लावला आहे त्याला विचारावं.

आणि पाणी. २०२३ साली जुलैत याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यात, पुराने वस्त्या वेढल्या; पुढचा ऑगस्ट देशात शंभरहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा गेला. एका पिकाने दोन महिन्यांत दोन्ही बघितलं. असा खंड पडला की भाऊ फोनवर फार बोलत नाही. "पात्या गळून राह्यल्या," एवढंच म्हणतो. मी इकडे काय म्हणावं ते मला सुचत नाही. फोन ठेवल्यावर मी तो खेळ लावते तेव्हा माझ्या हातात झारी असते आणि तळं काठोकाठ भरलेलं असतं. प्रश्न पडतो तो इथेच. हा आराम मी भावाच्या चिंतेकडे पाठ करून घेते का?

मी स्वतःला फसवायचं नाही असं ठरवून याचं उत्तर शोधलं आहे. काही वेळा, हो, पाठ करूनच घेते. फोन आला की मन इतकं आवळतं की त्याला सैल सोडायला काहीतरी लागतं, आणि दुसऱ्या कुठल्या करमणुकीपेक्षा हा खेळच ते करतो. कारण त्यात वावरच आहे, त्याच वावराची भीती काढून टाकलेली आहे. पण मला असंही दिसतं की मी खेळात जे शोधते ते भावाच्याच मनातलं आहे. तो उभ्या जन्मात काही ऐश्वर्य मागत नाही. राबलं तर निघावं, निघालं तर विकावं, विकलं तर पैसे संध्याकाळी हातात यावेत आणि रात्री घरात घड्याळ थांबावं. जपानमधल्या एका माणसाने ही मागणी खेळाच्या नियमांत लिहून ठेवली. तो खेळ इतका शांत वाटतो याचं कारण ती मागणी न्याय्य आहे. मला मिळणारा विसावा न्यायाचा आहे, गवताफुलांचा कमी आहे. हे माझं या खेळाबद्दलचं ठाम मत आहे.

कर्ज मात्र खेळात नाही, आणि या जिल्ह्यात राहून ती गोष्ट नजरेआड करता येत नाही. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचं एक शेतकरी कुटुंब, नवरा, बायको आणि चार लेकरं, एकाच दिवशी संपलं. राज्यात जाहीरपणे नोंदली गेलेली पहिली शेतकरी-आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते, आणि दर वर्षी त्या तारखेला माणसं दिवसभर अन्न सोडतात. वीस वर्षांनी, जुलै २००६ मध्ये, पंतप्रधान विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. त्यानंतरही इथल्या वर्तमानपत्रांत आत्महत्येची बातमी थांबलेली नाही. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषाने जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ज्या पिकासाठी फवारत होते, तेही त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने खाल्लं. माझ्या खेळात अळी नाही. विष नाही. उधारीवर बी देणारं कृषी केंद्र नाही. या मृत्यूंच्या शेजारी एका खेळाचा विषय काढताना माझा हात अडखळतो. तरी काढते, कारण मी दोन्ही एकाच डोक्यात वागवते आणि ते वेगळे ठेवण्याचं नाटक मला जमत नाही.

खेळाची एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त जपून पाहावी लागते. त्यात कष्ट आणि फळ यांचा हिशेब कधी चुकत नाही. ज्याने पाणी घातलं त्याचं उगवलं. ज्याचं उगवलं नाही त्याने पाणी घातलेलं नसतं. पडद्यावर हे सत्य आहे. पण रोज रात्री हा हिशेब गिरवणाऱ्या मनाला तो बाहेरही खरा वाटू लागतो. शहरात कास्तकाराबद्दल जे बोललं जातं ते मी स्टाफरूममध्ये ऐकत आले आहे. दारू पितात, लग्नात उधळतात, नवीन काही शिकत नाहीत, मेहनत नको आहे. हे बोलणारे वाईट लोक नाहीत. त्यांचा पगार एक तारखेला जमा होतो, त्यांच्या जगात काम आणि मोबदला जोडलेले आहेत, आणि जिथे मोबदला नाही तिथे काम झालं नसेल असं त्यांना सहज वाटतं. मीही त्यांच्याच जगात राहते. "आधी का नाही विकला कापूस?" हा प्रश्न माझ्या जिभेवर येऊन थांबलेला आहे. तो विचारण्यामागे मदत करण्याची इच्छा कमी असते. चूक त्याचीच निघावी, म्हणजे मला बरं वाटेल, ही इच्छा जास्त असते. चूक त्याची निघाली तर माझं यवतमाळात येऊन राहणं, शिकणं, नोकरी धरणं हा शहाणपणा ठरतो. खरं काय आहे ते मला माहीत आहे. आम्ही दोघं सारख्याच बुद्धीचे आहोत. मला वसतिगृहाचा खर्च मिळाला आणि त्याला वावर मिळालं.

वावर त्याला मिळालं, हेही सरळ नाही. खेळात आजोबांची जमीन नातवाला मिळते आणि मी, एक नात, तो नातू होऊन ती कसते. मुलगी होऊन खेळायची सोयही या मालिकेत काही ठिकाणी आहे. पण गेम बॉय कलरवरच्या तिसऱ्या भागात मुलीने लग्न केलं की खेळ तिथेच संपतो. मुलगा मात्र लग्नानंतरही वावर कसत राहतो. हे कळलं तेव्हा मी हसू शकले नाही. सातबाऱ्यावर माझं नाव वारसाहक्काने लागलं आहे, ते कागदावर आहे, आणि मी ते मागून घेतलं असं गावात कुणाला वाटू नये म्हणून मी त्याचा उच्चार करत नाही. माझी भावजय उन्हातान्हात तिथे राबते. तिचं नाव त्यात कुठेच नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, नवरा गेल्यावर एकट्याने संसार ओढणाऱ्या शेतकरी बाई. अख्खा मांडव त्यांच्याकडे बघत होता. एरवी अशा बाईकडे कुणी बघत नाही, तलाठ्याच्या दारातही तिला आधी कागद दाखवावा लागतो आणि मग तोंड.

खेळातही ती बाई नाही, आणि त्याच्या शांततेतला सर्वांत मोठा खोटेपणा मला हाच वाटतो. पडद्यावरचं सगळं वावर एकटा नातू कसतो. फारच काम वाढलं तर रंगीत टोप्या घातलेले सात बुटके येतात, पाणी घालतात, तोडणी करतात. त्यांना मजुरी द्यावी लागत नाही. मैत्री असली की पुरे. कापूस मात्र मैत्रीवर वेचला जात नाही. बोंडाच्या टोकदार कवचाने बोटं फाटतात. कमरेला ओटी बांधून बाया ओळीने वाकलेल्या असतात, दुपारी धुऱ्यावर बसून भाकर खातात, संध्याकाळी वजनकाट्यापाशी उभ्या राहतात आणि किलोमागे ठरलेल्या दराने पैसे घेतात. लहानपणी सुट्टीत मीही वेचलेला आहे; किती लवकर कंटाळा येतो ते मला आठवतं. त्यांना कंटाळा येऊन चालत नाही. भाव पडला की कास्तकार पहिला हात घालतो तो याच दरात, कारण बाकी कशातच त्याला हात घालता येत नाही. बियाण्याची किंमत तो ठरवत नाही, औषधाची ठरवत नाही, कापसाची तर नाहीच. फक्त या बायांच्या दराविषयी त्याला घासाघीस करता येते. आणि त्या घासाघिशीतून वाचलेल्या पैशांतला थोडा भाग, धान्याच्या पोत्याच्या आणि डाळीच्या रूपाने का होईना, माझ्या यवतमाळच्या घरी येतो. भावावर अन्याय होतो हे बोलायला मला सोपं जातं. आमच्या वावरात आमच्याकडून कुणावर होतो का, हे विचारायला अवघड जातं, म्हणून तेच आधी विचारायला हवं.

खेळ बंद करावा का? मी हा विचार करून पाहिला आहे. मला तसं करण्यात काही पुण्य दिसत नाही. मी खेळले नाही म्हणून राळेगावला पाऊस पडणार नाही. उलट त्या पडद्यामुळेच मला रोज आठवतं की राबणाऱ्याला काय काय मिळायला हवं : आधी ठरलेला भाव, संध्याकाळी हातात पैसा, खरं निघणारं हवामान, एका चुकलेल्या दिवसाची माफी. मला त्या गावाचे सणही आवडतात. कापणीच्या सणाला तिथे सगळं गाव चौकात जमतं, प्रत्येक जण घरून काहीतरी आणून एकाच पातेल्यात टाकतो आणि सगळे एकत्र जेवतात. आमच्याकडे पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली उभे करतात तेव्हा ज्याच्या घरी बैलजोडी उरलेली नाही तोही तिथे येतोच. तो आनंद खरा आहे, तिथलाही आणि इथलाही, आणि आनंद घेताना सतत अपराधी वाटून घेणं ही मला स्वतःभोवती फिरण्याचीच एक तऱ्हा वाटते. फक्त त्या पडद्यावरून उठताना 'शेतीत किती शांती आहे' असं मी कुणाला सांगायचं नाही. मी वर्गात शिकवते. समोर अर्धी मुलं कास्तकारांची असतात, काही वेचायला जाणाऱ्या बायांची. त्यांच्यासमोर असलं वाक्य बोलायचा मला अधिकार नाही.

यंदा हमीभावाने कापूस घेणाऱ्या सीसीआयची नोंदणी मोबाइलच्या ॲपवर करायची होती. भावाने सातबारा, आधार, बँकेचं पासबुक यांचे फोटो मला पाठवले आणि मी इथे बसून ती भरली. ते काम मला जमतं, मी ते करत राहीन. पण वेचणीचा दर अजून ठरायचा आहे. भाऊ म्हणतो, मागच्याइतकाच ठेवू, नाहीतर परवडत नाही. त्याने मांडून दाखवलेला हिशेब खरा आहे, त्यात मला खोट सापडत नाही. भावजय म्हणते, किलोमागे दोन रुपये वाढवल्याशिवाय बायांना तोंड दाखवता येणार नाही. ती त्यांच्याच ओळीत वेचते, तिला माहीत आहे. आजवर अशा बोलण्यात मी "तुम्ही दोघं बघा" म्हणून बाजूला होत असे. जमिनीत माझंही नाव आहे, म्हणून या रविवारी गावी गेल्यावर मी भावजयीच्या बाजूने बोलणार आहे, आणि वाढीव दराने जी तूट येईल तिच्यातला माझा वाटा पगारातून देणार आहे. भाऊ चिडेल, ताईला शहरातून बोलायला काय जातं, असंही म्हणेल. ते त्याचं म्हणणं मला ऐकून घ्यावं लागेल.